गेरूच्या माळावरची मारवेल

मंगळवार पेठेत अंबादास मास्तर म्हणून विचारलंत तर कुणी घर दाखवलं नसतं. "गवत्या मास्तर" म्हटलं की मग शेंबडं पोरही बोट धरून दारापर्यंत नेई. तालमीतली टगी मंडळी त्यांना वाटेत गाठून विचारत, "काय मास्तर, आज कुठलं गवत कुणाशी भांडलं?" आणि मास्तर थांबून खरंखुरं उत्तर देत. माणसानं इतकं भाबडं असू नये, पण ते होते. उंच, पाठीत वाकलेले, धोतराच्या सोग्याला बारा महिने कुसळं चिकटलेली. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघायची त्यांना खोड होती. माणूस कुठून आला ते त्याच्या पायाला चिकटलेलं बी सांगतं, असं त्यांचं म्हणणं.

ह्याच माणसानं करवीर दरबारच्या कुरणांवर काही वर्षं राबून एक शोध लावला होता. वरपर्यंत वाखाणणी झाली, आता मास्तरांच्या खांद्यावर शेला पडणार असं पेठेत बोललं जाऊ लागलं, आणि एका दुपारी मास्तर स्वतःच्या पायांनी जाऊन सांगून आले की शोध खोटा आहे. नोकरी गेली, अब्रू गेली. पेठेनं निकाल दिला की गवत बघून बघून मास्तरांच्या डोक्यातच गवत माजलं. पेठ फार लवकर निकाल देते. खरं काय झालं ते तिघा-चौघांनाच ठाऊक होतं आणि त्यांनी ते मरेपर्यंत पोटात ठेवलं.

त्याची सुरुवात प्लेगाच्या सालात आहे. उंदीर पडायला लागले तसं शहर रिकामं झालं आणि माणसं गावाबाहेर झोपड्या घालून राहिली. मास्तरांची बायको लीला चार वर्षांच्या ठकूला घेऊन गेरूच्या माळाच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या छावणीत गेली. मास्तर तेव्हा पुण्यात शेतकीच्या वर्गात झाडापाल्याची विद्या शिकत होते. बातमी कळून ते निघाले, पण नाक्यानाक्यावर प्रवासी अडवून ठेवत होते. ते छावणीत पोचले तेव्हा लीला उन्हात भिंतीला टेकवून ठेवल्यासारखी बसली होती. तिची गाठ फुटली होती आणि ती वाचली होती. ठकू नव्हती.

ताप आधी पोरीला आला होता, मग आईला. आई भ्रमात गेली, आणि शुद्धीवर आली तेव्हा शेजारची वाकळ रिकामी होती. पोर कुणी उचललं, कुठं ठेवलं, सांगायला कुणी उरलं नव्हतं. शेजारच्या झोपड्यांतले काही मेले होते, बाकीच्यांना दुसऱ्या छावणीत हलवलं होतं. सरकारी माणसानं ओढ्यापलीकडची चुना टाकलेली जागा दाखवली, पण त्या दिवसांत तिथं एवढंसं लेकरू आणल्याचं त्याला आठवत नव्हतं.

लीलाला त्या दिवसांतल्या दोनच गोष्टी आठवत. एक, त्या सकाळी ठकूची वेणी घालायची राहिली होती. पोरगी केस मोकळे टाकूनच निजली होती. आणि दुसरी, झोपडीतून तिची चंद्रकळा गेली होती. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला घेतलेलं काळं लुगडं, पदराला निखाऱ्यानं पडलेलं भोक. चोरानं न्यावं असं त्यात काही राहिलं नव्हतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणे. त्यानंतर तिनं काळं लुगडं अंगाला लावलं नाही. रडणं-भेकणंही कधी केलं नाही. फक्त दर संक्रांतीला तीळगूळ हातावर ठेवताना मास्तरांना विचारी, "सापडली का हो जागा?"

मास्तर मान हलवत. त्या एका प्रश्नाला उत्तर मिळावं एवढ्यासाठी तो माणूस जगत होता म्हटलं तरी चालेल.

म्हणून काही वर्षांनी कुरण खात्याला गवताचा जाणकार हवा आहे असं कळलं तेव्हा मास्तरांनी शाळेवर पाणी सोडलं. खात्याचे कारभारी हंबीरराव गडी रोखठोक. पागेतल्या घोड्यांची तोंडं फुटत होती, कारण सगळ्या कुरणांत कुसळी गवत माजलं होतं आणि मऊ, गोड मारवेल दिसेनाशी झाली होती. "मास्तर, मला घोड्याचं तोंड बरं झाल्यालं पायजे," ते म्हणाले, "गवताचं कूळ-मूळ तुम्ही तुमच्यापाशी ठेवा." आणि कुठल्या कुरणापासून सुरुवात करता असं विचारल्यावर मास्तरांनी क्षणही न घालवता गेरूच्या माळाचं नाव घेतलं.

मास्तरांचा हिशेब सरळ होता. एकदा खणलेली जमीन वर्षानुवर्षं ते विसरत नाही. तिच्यावर उगवणारं गवत आजूबाजूपेक्षा वेगळं निघतं. माणसं बोलत नसली तर गवताला विचारावं. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांनी ओढ्याकाठची सगळी उतरण गुडघ्यांवर बसून वाचून काढली. हरळी होती, टाकळा होता, लव्हाळा होता. पोराएवढी वेगळी जागा कुठंच नव्हती.

वरचं पठार त्यांनी त्या दृष्टीनं पाहिलंच नाही. वर हातभर माती आणि खाली पहारीला दाद न देणारा मुरूम. इथं मरायला कोण येतंय खड्डा खणायला, असं त्यांनी पहिल्याच चढणीला ठरवून टाकलं. शिकलेला माणूस एकदा काही ठरवतो आणि मग जन्मभर त्याचीच राखण करत बसतो.

पण पठारावर मास्तरांना दुसरंच काही दिसलं. नजर पोचेल तिथवर कुसळी. भाद्रपदात हिरवी, आश्विनात तांबूस, कार्तिकात तिची काळी कुसळं एकमेकांत पीळ घालून बसलेली, की चालणाऱ्याचं धोतर सुटू नये. आणि त्या तांबड्या रानात मधेच मारवेलीचे तुकडे. निळसर, मऊ, हात फिरवावा असे. कडा अशा की कुणी पाटीवर रेघ मारावी. कुसळी त्या रेघेपर्यंत येई आणि तिथं थांबे. काही तुकडे माणसाच्या लांबीचे, काही त्याहून निम्मे, आणि झाडून सगळे उत्तर-दक्षिण पसरलेले.

सगळे एकाच दिशेनं का, ह्याचा मास्तरांनी दोन दिवस विचार केला. वारा पश्चिमेचा, पाण्याचा ओघ ह्या अंगानं, म्हणून असणार, असं त्यांनी ठरवलं. शहाण्याला कारण सापडायला वेळ लागत नाही.

दर तुकड्याच्या उत्तरेच्या टोकाला मूठभर मारवेल एकत्र येऊन तिला गाठ पडलेली असे. पहिल्यांदा मास्तरांनी ती वावटळीवर ढकलली. गाठ सोडली, गवत मोकळं केलं. आठवड्यानं येऊन बघतात तर गाठ परत जागेवर. आणि सगळ्यांत लहान तुकडा होता, जेमतेम दोन हात, त्याच्या टोकाला तर गाठही नव्हती. वेणी होती. तीन पेडांची, घट्ट, बारीक, शेवटाला एक काडी गुंडाळून बांधलेली.

मास्तर तिच्यापुढे उकिडवे बसले होते. सकाळचं ऊन नुकतं चढत होतं. पठारावर चिटपाखरू नव्हतं, वारा नव्हता, आणि तरी सभोवताली काहीतरी हलत होतं. दव वाळायला लागलं की कुसळाचा पीळ उलटा फिरतो. एका कुसळाचा आवाज कानाला लागत नाही, पण इथं सगळा माळ एकाच वेळी पीळ सोडत होता. कुणीतरी खूप जणांनी दबक्या आवाजात बोलावं तशी ती खसखस चारी बाजूंनी येत होती. मास्तरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी वेणी सोडली नाही. उठून माघारी वळताना पळू नये एवढी काळजी त्यांनी घेतली. घरी लीलाला त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही.

माळाचा राखण्या लालासाब पायथ्याच्या खोपटात राही. त्याला विचारलं तर तो दुखावलाच. "परकं माणूस न्हाय येत मास्तर," तो म्हणाला, "पाखरू बी मला इचारून बसतंय हितं." त्याची बायको खैरुनबी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. हडकुळी, अबोल बाई. शेणी गोळा करायला रोज पठारावर जाई आणि दुपारी मास्तरांना तांब्याभर पाणी आणून देई. चालताना ती मारवेलीच्या तुकड्यांना वळसा घाली, आणि तिथून जाताना वहाणा हातात घेई. मास्तरांना वाटे, बाई सापांना भिते.

दुसऱ्या वर्षी मास्तरांनी खरा प्रयोग मांडला. काही तुकड्यांच्या चारी कोपऱ्यांना लाल खुंट्या ठोकल्या, आतली मारवेल मुळासकट उपटली आणि कुसळीचं बी पेरलं. मारवेल नसली तर कुसळी आत शिरते का, एवढाच प्रश्न. सगळ्यांत लहान तुकडाही त्यांनी त्यात घेतला. वेणीची भीती मनातून काढायची तर ती मुळासकट काढावी, असाही हेतू असेल. खुंट्यांना हात लावला तर चौकीवर पाठवीन, अशी लालासाबला आणि खैरुनबीला तंबी दिली. खैरुनबी काही बोलायला गेली आणि लाल खुंट्यांकडे बघून गप्प राहिली. सरकारी खुंटीपुढे बोलायचं नसतं, हे तिला प्लेगानं शिकवलं होतं.

कुसळी उगवली. बोटभर झाली आणि नाहीशी झाली. कापलेली नव्हती, चरलेली नव्हती, मुळापासून गेली होती, आणि माती वर तळहातानं थापल्यासारखी सपाट. मास्तरांनी पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. खूर नाहीत, पायाचा ठसा नाही. उलट तुकड्याबाहेर कुसळी काढून मारवेलीचे ठोंब लावले, ते पंधरा दिवसांत गुदमरून मेले. म्हणजे ह्या तुकड्यांच्या मातीतच काहीतरी होतं जे कुसळीला जगू देत नव्हतं.

मास्तरांची झोप उडाली. भीती होतीच, पण त्याहून मोठा आनंद होता. एक गवत मातीत असं काही सोडून जातं की ते मेल्यावरही दुसऱ्याला तिथं पाय ठेवता येत नाही! हे कुणी पाहिलं नव्हतं, कुणी लिहिलं नव्हतं. त्या आनंदात ते जागेचा शोध थोडे विसरले, हे खोटं कशाला बोला. त्या संक्रांतीला लीलानं विचारलं तेव्हा मान हलवायलाही त्यांना आठवण झाली नाही. तिनं तीळगूळ ठेवला आणि ती आत गेली.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक उद्योग केला. कुसळ जमिनीत कसं शिरतं ते पाहिलं. ओल्या तळहातावर कुसळ ठेवलं की ते जिवंत किड्यासारखं गोल फिरू लागे. मातीवर पडलं की ओल आली की एकीकडे फिरे, वाळलं की दुसरीकडे, आणि असं फिरत फिरत टोक आत घाले. मास्तरांनी शेकडो कुसळं मऊ मातीत, कडक मातीत, मुरमात सोडली, पावसाळे-उन्हाळे जाऊ दिले आणि मग माती उभी कापून मोजलं. हंबीररावांना हे कळलं तेव्हा ते मांडीवर थाप मारून हसले. कुसळ किती खोल जातं ते मोजायला दरबार पगार देतो का, असं त्यांनी भर कचेरीत विचारलं. मास्तरही ओशाळून हसले.

तिसऱ्या पावसाळ्यात, एखादं जनावर तर हे करत नाही ना म्हणून, त्यांनी त्या सगळ्यांत लहान तुकड्याला बाभळीच्या काट्यांची दाट कुपाटी घातली आणि आत पुन्हा कुसळी पेरली. तिथं ती आली. कंबरेएवढी, घनदाट, आश्विनात तांबडीलाल. दुसरा कुणी असता तर तिथंच थबकला असता. मास्तरांनी म्हटलं, इथली मारवेलीची मुळं आपण फार खोल खणून काढली असणार. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. मास्तर तर तीन वर्षं नुसती कुसळंच बघत होते.

मग शोध हंबीररावांपुढे ठेवला गेला. हंबीरराव कधी नव्हे ते उठून उभे राहिले. मातीतच गुण असेल तर तीच माती सगळ्या कुरणांत पसरू, असा हुकूम निघाला. कार्तिकात, कापणीआधी, त्या तुकड्यांची माती दीड-दोन हात खोलपर्यंत खणून ढेकळांसकट गाड्यांत भरायची आणि जागोजाग पुरायची. मास्तरांच्या शेल्याची बोलणी त्याच आठवड्यातली.

सकाळी गाड्या पठारावर चढल्या. गड्यांनी कुदळी उतरवल्या. पहिल्याच तुकड्यावर खैरुनबी पाय पसरून बसलेली होती. लालासाब शरमेनं काळानिळा होऊन तिला दंडाला धरून ओढत होता आणि ती हलत नव्हती.

"कुदळ मारायची आसंल तर आदी माझ्या पायावर मारा," ती मास्तरांना म्हणाली.

मास्तरांनी गड्यांना लांब बसवलं आणि ते तिच्यापुढे उकिडवे बसले. ती जे बोलली ते सगळं खाली बघून, गवतावर हात फिरवत. ती पण त्याच छावणीत होती. तिचा सिकंदर सहा वर्षांचा होता. खाली मेलेलं सापडलं की चुन्यात जाई, झोपडी जाळत, मागे राहिलेल्यांना कोंडून ठेवत. म्हणून बायांनी ठरवलं, आपलं मढं आपण लपवायचं. वरच्या मुरमात कुणी खणणार नाही असं प्रत्येक शहाणा माणूस म्हणेल, म्हणूनच वर आणायचं. उजाडायच्या आत त्या एकेकाला पाठुंगळी घेऊन चढल्या आणि खुरप्यांनी, पहारीनं, शेवटी नखांनी खणलं. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घेतली. दगडसुद्धा ठेवला नाही. नुसती गवताला गाठ.

"मग कुसळी यायला लागली," खैरुनबी म्हणाली. "कुसळ पानी लागलं की फिरतंय. तुम्ही बी हातावर घिऊन बघत हुता की. फिरत फिरत खाली जातंय. खाली माझं ल्येकरू हाय मास्तर. त्येच्या डोळ्यात गेलं म्हंजी?"

म्हणून त्या बाया कुसळी उपटत. रोप दिसलं की मुळासकट, एकही बी पडू न देता. मारवेल मऊ, म्हणून ती तेवढी ठेवत. गठ्ठे कापायला येत तेव्हा उपटत, शेणी वेचायला येत तेव्हा उपटत. एकेक करून त्या बाया मेल्या, परगावी गेल्या. आता ती एकटी सगळ्यांचं करी. लालासाबला यातलं ठाऊक नव्हतं. छावणीच्या दिवसांत तो पागेच्या कामावर चंदगडकडे होता, आणि आपली बायको रोज पठारावर शेणीच वेचते असं समजत आला होता. परकं माणूस येत नाही, हे तो खरंच सांगत होता.

गवतं भांडत नव्हती. एक आई दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नव्हती.

मास्तरांच्या मनात हे उतरायला थोडा वेळ लागला असेल. मग ते उठले, चार पावलं गेले, माघारी आले आणि त्यांनी त्या लहान तुकड्याकडे बोट केलं. "तिथं वेणी कशाला होती?" त्यांनी विचारलं.

"ती पोरगी हुती," खैरुनबी म्हणाली. "कुनाची ते ठावं न्हाय. आमच्या मागल्या झोपडीतली. आई वाताच्या भरात, पोर शेजारी गार झाल्यालं. चुनावाले यायच्या आत उचललं मी. गुंडाळायला काय नव्हतं, आईच्या उशाला काळं लुगडं हुतं, चंद्रकळा. पदर जळल्याला. त्यात गुंडाळली. क्यास मोकळं हुतं पोरीचं, तशीच घातली मातीत. ते माझ्या मनाला लागलं. म्हनून वर वेणी घालायची मी." ती थांबली. "तुम्ही कुपाटी घातलीसा. माझा हात आत जाईना. आता कुसळ पडतंय तिच्यावर."

मास्तर खाली बसले. गड्यांना वाटलं ऊन लागलं. वर्षानुवर्षं ज्या जागेसाठी गवत वाचत फिरले, ती जागा त्यांनी स्वतःच्या हातांनी खणली होती, तिच्यावर खुंट्या ठोकल्या होत्या आणि मूठ मूठ भरून तिच्यावर कुसळं पेरली होती. त्या एका तुकड्यावर कुसळी आली म्हणून त्यांनी बोटांनी तिची ताटं मोजली होती. सभोवती माळ पीळ सोडत खसखसत होता, आणि आज त्यांना त्यातला प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येत होता.

त्यांनी गाड्या रिकाम्या परत धाडल्या आणि थेट हंबीररावांपुढे जाऊन उभे राहिले. कबरींची गोष्ट सांगितली असती तर शोध चुकला तरी माणूस वाचला असता. पण मग तिथं सरकारी माणसं आली असती, चौकशी आली असती, कुदळी आल्या असत्या. बायांनी एवढी वर्षं पाळलेली शपथ मास्तरांनी एका क्षणात आपली करून घेतली.

"माझा शोध खोटा आहे," ते म्हणाले. "कुसळी मीच उपटत होतो. शोध खरा दिसावा म्हणून."

घोडी तरी खोटं बोलत नाहीत, एवढंच म्हणून हंबीररावांनी तोंड फिरवलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या पेठेत झालं होतं.

मास्तर घरी आले तेव्हा लीला उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. तिच्याही कानावर आलं होतं, पण तिनं विचारलं नाही. मास्तर तिच्यापुढे उभे राहिले, तिच्या पायांकडे न बघता तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "चंद्रकळा सापडली."

सूप तिच्या मांडीवरून घरंगळलं. ती तांदळात तशीच बसून राहिली. कुणी चोरली होती, असं तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघं पठारावर पोचली. रात्री जड दव पडलं होतं. खैरुनबीनं पहाटेच काटे ओढून बाजूला केले होते आणि कुसळीची ताटं उपटून ढीग घातला होता, पण बी केव्हाच पडून गेलं होतं. उघड्या मातीवर शेकडो काळी कुसळं उभी होती. दव पिऊन ती सावकाश, सगळी मिळून, एकाच दिशेनं फिरत होती. जमीनच अंग वळवते आहे असं वाटत होतं. कितीतरी वेळ कुणालाच पाऊल पुढं टाकवेना.

मग लीला पुढं होऊन बसली. तिनं एक कुसळ चिमटीत धरून अलगद वर ओढलं. ते तिच्या बोटांतही फिरत राहिलं. तिनं दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. खैरुनबी तिच्या शेजारी बसली आणि तीही काढू लागली. ज्यांनी एकमेकींना कधी ओळखीचं म्हटलं नव्हतं अशा त्या दोघींचे हात एकाच मातीत चालले होते. मास्तर मागे उभे होते. आपण बसावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

लीलाचा हात थांबला. वळून न बघता तिनं विचारलं, "किती खोल जातं हो हे?"

साऱ्या दरबारात ह्या प्रश्नाचं उत्तर एकाच माणसाकडे होतं. मास्तरांनी तिच्याजवळ येऊन आपलं बोट पुढं केलं आणि पहिल्या पेरावर अंगठ्याचं नख टेकवलं.

"एवढंच. मुरमात तर एवढंही नाही. मी दोन पावसाळे मोजलंय. याच्या खाली एकही गेलेलं नाही."

"खरं?"

"खरं," मास्तर म्हणाले.

लीलानं तळहात मातीवर ठेवला आणि ती पहिल्यांदा रडली. पण मास्तरांचं लक्ष खैरुनबीकडे गेलं होतं. तिच्या हातातलं कुसळ तसंच राहिलं होतं आणि ती त्यांच्या बोटाकडे, त्या एका पेराकडे, टक लावून बघत होती.

"म्हंजी," ती म्हणाली, "माझ्या सिकंदरला न्हाई टोचलं?"

"नाही खैरुनबी. एकदाही नाही."

ती हात मांडीवर उताणे टाकून नुसती बसून राहिली. त्या माळावर तिला असं रिकामं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ऊन वर आलं, कुसळांनी पीळ सोडायला सुरुवात केली आणि ती खसखस चहूकडून उठली. तेव्हा ती उठली, सिकंदरच्या तुकड्यातून खुरप्यानं मारवेलीचा एक ठोंब काढला आणि आणून लीलाच्या ओंजळीत दिला. वेणी घालण्याजोगा व्हायला किती दिवस लागतील, असं लीलानं विचारलं. मास्तरांनी सांगितलं, दोन पावसाळे.

पुढल्या आश्विनात खैरुनबी पुन्हा कुसळी उपटत होती, आणि गवत्या मास्तर आणि त्यांची बायको तिच्या शेजारी बसून तेच करत होती.